अपडेट करून कोकणात

पुण्याहून गणपतीला चिपळूणकडे निघणाऱ्या गाडीची तयारी हा मराठी घरातला गंभीर विधी आहे. चाकांत हवा, टाकीत कूलंट, पुढे लिंबू-मिरची, मागे कुणीही न उघडण्याच्या अटीवर ठेवलेला चकल्यांचा डबा. घरातले ज्येष्ठ टायरला एक लाथ मारून बघतात. टायर काही बोलत नाही, त्यावरून तो उत्तम आहे असं ठरतं. एवढ्या तपासणीत एक प्रश्न कुणी विचारत नाही: गाडीतल्या संगणकांचं सॉफ्टवेअर कोणत्या काळातलं आहे? इंधन किती आणि कोणत्या क्षणी सोडायचं, ऑटोमॅटिक असेल तर गिअर कधी बदलायचा, चाक लॉक होऊ लागलं तर ब्रेक किती ढिला सोडायचा, एअरबॅग फुगवायची की नाही, हे सगळं तेच ठरवतात. लिंबाचा यात सहभाग नाही. तेव्हा म्हणणं एवढंच आहे की ही चौकशी कूलंटइतक्याच नेमाने व्हावी आणि निघायच्या आठवडाभर आधी व्हावी. आदल्या रात्री नव्हे, वाटेत तर मुळीच नव्हे.

यावर पहिला आक्षेप मुळशी यायच्या आतच मागच्या सीटवरून येतो. ‘चालतेय ना गाडी? मग कशाला हात लावायचा?’ आक्षेप वजनदार आहे, कारण आपला निम्मा संसार याच तत्त्वावर उभा आहे. पण गाडी चालते याचा अर्थ आजवरच्या रस्त्यावर, आजवरच्या भारावर ती चालली, एवढाच. टोयोटाने २०१४ मध्ये जगभरातून सुमारे १९ लाख प्रियस परत बोलावल्या. त्याही चालतच होत्या. सॉफ्टवेअरच्या मांडणीमुळे विजेच्या एका भागातले ट्रान्झिस्टर जास्त भाराखाली प्रमाणाबाहेर तापू शकत होते आणि गाडी वाटेत बंद पडण्याचा धोका होता. मुख्य उपाय होता नवं सॉफ्टवेअर. जास्त भार म्हणजे काय, हे ताम्हिणी घाटाच्या चढावर पाच माणसं, दोन पिशव्या नारळ आणि फुल एसी घेऊन चाललेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. उलट बाजूचाही दाखला आहे. २०१८ मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकन मासिकाने टेस्लाच्या मॉडेल ३ चे ब्रेक तपासले. ताशी ६० मैलांवरून थांबायला गाडीला १५२ फूट लागले. कंपनीने घरबसल्या सॉफ्टवेअर बदललं आणि तीच गाडी १३३ फुटांत थांबली. १९ फूट म्हणजे पुढच्या गाडीच्या डिकीत शिरणं आणि न शिरणं यांतलं अंतर. पाना, पकड, मिस्त्री, कुणीही गाडीखाली गेलं नव्हतं.

तपासायचं कसं, इथे मात्र सुशिक्षित माणूसही फसतो. तो डॅशबोर्डवरच्या पडद्यात सेटिंग उघडतो, ‘सिस्टीम अद्ययावत आहे’ असं वाचतो आणि निर्धास्त होतो. ती बातमी बहुधा फक्त पडद्यापुरती असते. गाणी आणि नकाशे यंदाचे, इंजिन मात्र गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाचं, असा संसार एका बॉनेटमागे सुखाने चालू शकतो. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, वेगळा. त्याच्याशी बोलायचं तर स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या ओबीडी सॉकेटमधून बोलावं लागतं. बाजारातला स्वस्त ब्लूटूथ डोंगल तिथे लावला तर फॉल्ट कोड दिसतात, बऱ्याच गाड्यांत सॉफ्टवेअरचा कॅलिब्रेशन क्रमांकही दिसतो. पण त्या क्रमांकापेक्षा नवा निघाला आहे की नाही, हे डोंगलला ठाऊक नसतं. ते कळतं कंपनीच्या वर्कशॉपमधल्या स्कॅनरला. आणि सुरक्षेसाठी गाड्या परत बोलावल्या असतील तर अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर सतरा अक्षरी चॅसिस नंबर टाकून घरूनच कळतं. हे काम चहा निवायच्या आत होतं, पण नंबर आरसीवर असतो आणि आरसी नेमकी कपाटात साड्यांखाली असते, म्हणून ते राहून जातं.

आता वाटेत का नको? जानेवारी २०१९ मध्ये बीजिंगच्या चांगआन मार्गावर, शहरातल्या सगळ्यात रुबाबदार रस्त्यावर, एक नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी रहदारीत अडकली होती. थांबलोच आहोत तर, म्हणून आतल्यांनी अपडेटला होकार दिला. पडदे काळे झाले, गाडी जागच्या जागी गप्प झाली, काचाही उघडेनात. आतली मंडळी तासाभराहून जास्त वेळ आत आणि पोलीस बाहेर, असा तो शून्य किलोमीटरचा प्रवास झाला. माणगावच्या कोंडीत हा मोह आपल्यालाही होऊ शकतो, कारण तिथेही अपडेटला लागेल तेवढा निवांत वेळ मिळतोच. फक्त वेळ मिळून भागत नाही. सॉफ्टवेअर लिहिलं जात असताना व्होल्टेज पडलं तर अर्धवट लिहिलेला ईसीयू निकामी होऊ शकतो. म्हणूनच वर्कशॉपमध्ये त्या वेळी बॅटरीला बाहेरून वीज जोडलेली ठेवतात. शिवाय ताम्हिणीत बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नसते. मदतीसाठी फोन करायचा तर आधी चालत जाऊन रेंज शोधावी लागेल.

एक आक्षेप खरोखर कठीण आहे, आणि तो मागच्या सीटवरून येत नाही. कंपनी देते ते सॉफ्टवेअर आपल्या भल्याचं कशावरून? २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं पितळ उघडं पडलं. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर होतं की प्रयोगशाळेत गाडी सोवळ्यात धूर सोडायची आणि रस्त्यावर आल्यावर सोवळं सोडायची. भारतातही तीन लाखांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या गेल्या. नव्या सॉफ्टवेअरने मायलेज घटेल, ओढ कमी होईल, अशी धास्ती तेव्हा अनेक मालकांना होती, आणि ती मूर्खपणाची नव्हती. पण यातून अपडेट टाळावं असं निघत नाही. विचारल्याशिवाय करू नये असं निघतं. उदाहरणार्थ, बीएस-६ डिझेल गाडीत धुराची काजळी फिल्टरमध्ये साठते आणि ती कधी जाळायची ते ईसीयू ठरवतो. माणगावच्या कोंडीत पहिल्या गिअरवर रांगणाऱ्या गाडीत ती नीट जळत नाही आणि कशेडी घाटाच्या आधीच डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागू शकतो. तेव्हा वर्कशॉपमध्ये प्रश्न ‘नवीन काही आहे का’ एवढाच न ठेवता ‘नव्याने नेमकं काय बदलतं, आणि माझ्या रस्त्याला ते लागू आहे का’ असा ठेवावा. काजळीचा नियम सुधारला असेल तर जरूर घ्यावं. पडद्यावरच्या चिन्हांचा रंगच बदलला असेल तर गौरी-विसर्जनानंतर बघता येतं. दिवा का लागतो हे न बघता कुणी ‘मॅप मारून’, म्हणजे ईसीयूत परस्पर फेरफार करून, तो विझवून देतो म्हणाला, तर त्याला सरळ नमस्कार करावा. दिवा विझतो, काजळी असते तिथेच असते.

आणि अपडेट केलंच तर जॉबकार्डवर सॉफ्टवेअरचा जुना क्रमांक, नवा क्रमांक दोन्ही लिहून मागावेत. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आधी आपल्याकडे बघेल, मग आत जाऊन कुणाला तरी विचारेल, मग ‘साहेब, असं कोणी मागत नाही’ म्हणेल. तिथेच उभं राहावं. वॉशिंग झालंय का हे विचारायला आपण नाहीतरी पाऊण तास उभे असतोच.