प्रश्न क्रमांक ४१ काढणाऱ्या महोदयांस

महोदय,

तुम्ही बाई आहात की बुवा, मला ठाऊक नाही. पण तुमच्याच नियमाप्रमाणे ज्याचा पत्ता लागत नाही तो पुरुष, म्हणून महोदय. बाई असाल तर राग मानू नका. उत्तरतालिका लागल्यापासून मीही पुरुष म्हणूनच वावरते आहे.

परीक्षा कुठली ते लिहीत नाही. नाव घेतलं की पुढच्या वेळी हॉलतिकीट येत नाही, अशी आमच्या अभ्यासिकेत समजूत आहे. सरळसेवेची होती आणि चुकलं की पाव मार्क जाणार होता, एवढं पुरे. तुमचा प्रश्न असा: ‘एव्हरी वर्कर मस्ट शो ___ गेट पास.’ पर्याय चार: हिज, हर, देअर, हिज ऑर हर.

वाचून आधी बरं वाटलं. अख्ख्या पेपरात कारखान्याशी संबंध असलेलं हे एकच वाक्य. बाकी सगळे बागेत चहा पीत होते, नाहीतर मासे पकडत होते. मी भोसरी एमआयडीसीत हार्नेसच्या लाइनवर काम करते. सकाळी आमच्या गेटवर पास दाखवायला जी रांग लागते, ती बहुतेक बायकांची: बीडच्या, लातूरच्या, नांदेडच्या, काही थेट बिहारच्या. डबा तपासणारी सिक्युरिटीसुद्धा बाईच. खरं तर आमच्या गेटचं उत्तर ‘हर’ असायला हवं. पण मेंटेनन्सची चार पोरंही त्याच गेटातून येतात, त्यांच्यावर अन्याय नको, म्हणून मी समजूतदारपणे ‘हिज ऑर हर’वर क्लिक केलं.

तुमचं उत्तर ‘हिज’.

तुम्ही ते कुठून आणलं, मला माहीत आहे. रेन आणि मार्टिन. १९३०च्या दशकातलं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक, अजून पुण्यात अप्पा बळवंत चौकात गठ्ठ्याने मिळतं, माझ्याकडेही जुनी प्रत आहे. त्यात म्हटलंय की स्त्री की पुरुष हे ठरलेलं नसेल तर पुल्लिंगी सर्वनाम घ्या, कारण दोघांना मिळून एकवचनी सर्वनाम इंग्रजीत नाही. ठीक. पण माझ्या क्लासच्या नोट्समध्ये ‘हिज ऑर हर’ आहे आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीच्या सराव संचात ‘देअर’. तीन पुस्तकं, तीन उत्तरं, आणि पाव मार्क कापायला तुम्ही एकटे. इंग्रज लोक तर चौदाव्या शतकापासून ‘ईच’, ‘एव्हरीवन’ अशा शब्दांच्या मागे बिनदिक्कत ‘देअर’ लावत आलेत. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकेतल्या कोशाने २०१९ साली ‘दे’ हाच वर्षाचा शब्द ठरवला. ही बातमी भोसरीच्या अभ्यासिकेत पोहोचली, तुमच्यापर्यंत कशी पोहोचली नाही?

तुम्ही म्हणाल, इंग्रजी ‘ही’मध्ये बायका येतातच. येतात ना. पण कशा येतात ते बघा. १८६०च्या भारतीय दंड संहितेत आठवं कलम घालावं लागलं, की ‘ही’ हे सर्वनाम पुरुष किंवा स्त्री, कोणाही व्यक्तीसाठी वापरलं आहे. २०२३च्या भारतीय न्याय संहितेत ते पुन्हा लिहिलं, तृतीयपंथी व्यक्तींनाही त्यात घेतलं. म्हणजे दीडशे वर्षांनंतरही ते सांगावंच लागतं. ‘ही’ म्हटल्यावर मी आपोआप डोळ्यांसमोर येत असते, तर कलम कशाला खर्ची घातलं असतं?

अभ्यासात कायदे वाचावे लागतात, त्यामुळे आणखी एक सांगते. १९४८च्या कारखाने कायद्यात साप्ताहिक सुट्टीच्या कलमात कामगार ‘ही’ होता आणि त्या ‘ही’मध्ये आम्ही होतो. गुरुवारी भोसरीतली मशिनं बंद, बाई घरी, पुरुष घरी. पण संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्यात कुणी थांबायचं नाही हे सांगायची वेळ आली, तेव्हा ६६व्या कलमात चक्क ‘वुमन’ लिहिलं. बंदी घालायची तर आम्ही लगेच दिसतो. पास दाखवायचा तर मात्र हिज!

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीपासून इंग्रजी शिकले. २००० साली रामकृष्ण मोरे सर शिक्षणमंत्री असताना राज्यात ते सुरू झालं. चिंचवडला त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, तिथून जाताना मी मनातल्या मनात नमस्कार करते. पहिलीत बाईंनी घोकून घेतलं, ‘ही’ म्हणजे तो, ‘शी’ म्हणजे ती. नोकरीच्या परीक्षेत ‘ती’चा ‘तो’ होतो, हे त्यांनी नाही सांगितलं. त्यांना माहीत नसावं. आणि माझ्या पासवर माझा फोटो आहे हो! त्या पासवर मी बारा-बारा तास उभी राहते, पाय सुजतात माझे, आणि तो पास ‘हिज’?

बाकीच्या तक्रारी किरकोळ. ‘इट इज आय’ हेच बरोबर ठरवलंत, पण तसं म्हणणारा माणूस मला एकदा भेटवा. आणि ‘द मॅनेजर वॉज ___ विथ द वर्कर्स’मध्ये अँग्री, अ‍ॅनॉइड, डिस्प्लीज्ड, फ्युरियस यांतला ‘सर्वात योग्य’ शब्द कोणता, हे पुढचंमागचं काही न सांगता विचारू नका. आमचा मॅनेजर रिजेक्शन वाढलं की अँग्री, ओटीला नाही म्हटलं की डिस्प्लीज्ड, बायका टॉयलेटला गेल्या की अ‍ॅनॉइड आणि डिस्पॅच चुकला की फ्युरियस असतो. आठवड्यात चारही पर्याय वापरून होतात.

रात्री झोप येईना तेव्हा तुमचाच विचार करत होते. तुम्ही बहुधा कुठल्या तरी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत असाल. मानधन रखडलेलं असेल. कुणी तरी फोन केला असेल, सर, परवापर्यंत शंभर प्रश्न हवेत. तुम्ही जुनं पुस्तक उघडलं, ‘सोल्जर’ खोडून ‘वर्कर’ घातलं, ‘रायफल’ खोडून ‘गेट पास’. का घातलं कुणास ठाऊक. कदाचित तुमच्याही घरातलं कुणी पास दाखवून आत जातं. तुमचं नाव पेपरवर नाही, माझं कंपनीच्या मस्टरवर नाही, ठेकेदाराच्या वहीत आहे. तसे आपण एकाच लाइनवरचे.

पण म्हणून पाव मार्क सोडू कसा? इथे यादी दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवर लागते. आक्षेपामागे शंभर रुपये भरायचे आहेत, म्हणजे माझा ओटीचा तासभर. वर ‘प्रमाणित संदर्भ’ जोडा म्हणतात. माझ्याकडे तीन आहेत, तिन्ही जोडते. पुढच्या वेळी नियमच तपासायचा असेल तर ‘ईच ऑफ द मशीन्स हॅज ___ ओन स्विच’ असं विचारा, तिथे ‘इट्स’ की ‘देअर’ हे नेमकं कळतं आणि मशीन तक्रार करत नाही. माणसांबद्दल विचारायचं तर ‘ऑल वर्कर्स’ लिहा, पुढे सरळ ‘देअर’ येतो, रेन आणि मार्टिनही काही बोलणार नाहीत.

आक्षेपाची लिंक उद्या पाचला बंद होते. उद्या ओटी आहे आणि मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, तेव्हा पैसे आत्ताच भरते.

आपली,
एक उमेदवार, भोसरी