पॉन्टिफ सर

तुमच्या ओळखीत असे एक सर असणारच. आमचे भोरला असतात. इंग्रजीचे, निवृत्त. एसटी स्टँडवरच्या टपरीत बसून पेपर वाचतात, आणि शंकराचार्यांची बातमी दिसली की आमची गाडी चुकलीच म्हणून समजा. कारण इंग्रजी पेपर शंकराचार्यांना ‘पॉन्टिफ’ म्हणतात. एकदा चहावाल्याने भाबडेपणाने विचारलं, “म्हणजे पोप ना, सर?”

स्वारगेट गाडी लागली होती. ती गेली. मागची विनाथांबाही गेली.

“पोप म्हणजे बाबा! घरातली हाक. पॉन्टिफ हे हुद्द्याचं नाव. मूळ लॅटिन पॉन्टिफेक्स, पूल बांधणारा. रोमात ख्रिस्ताच्या आधीपासून होते. सीझर इ.स.पू. 63 मध्ये त्यांचा मुख्य झाला. प्रत्येक पोप पॉन्टिफ असतो, पण प्रत्येक पॉन्टिफ पोप नसतो!”

“दोन चहाचे वीस झाले,” चहावाला म्हणाला.

(या व्युत्पत्तीवर पंडितांचं एकमत नाही, हे सर कधीच सांगत नाहीत.)

आमच्या वास्तुशांतीला त्यांनी भटजींना ऐकवलं, “तुम्ही प्रीस्ट. पॉन्टिफ नव्हे.” भटजींनी दक्षिणा दुसऱ्यांदा मोजली. आंबवड्याला नागेश्वराच्या वाटेवर संस्थानी काळातला झुलता पूल आहे. त्याच्या मधोमध उभे राहून सरांनी तो गदागदा हलवला. “पॉन्स! पॉन्स म्हणजे हा!” आमची ही तारेला धरून रामरक्षा म्हणत होती. 8 मे 2025 ला रात्री दहाच्या सुमारास फोन. “निवडला!” मी म्हटलं, “कोण, पोप?” “दोन्ही!”

मागच्या आषाढात वेल्ह्याला गेलो. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण शब्दांसाठी जीव टाकणारे सर अजून वेल्हेच म्हणतात. जीपवाला त्यांचा विद्यार्थी निघाला. म्हणाला, “ओढ्यावरचा साकव दर पावसाळ्यात वाहून जायचा. सर धोतराचा काचा मारून गावकऱ्यांबरोबर पुन्हा ओंडके टाकायचे. पाणी चढलं की आम्हाला एकेकाला खांद्यावरनं पलीकडं न्यायचे. इंग्रजी काय आलं नाही आम्हाला, पण शाळा बुडली नाही.”

परत आल्यावर टपरीत गाठलं. म्हटलं, “सर, तुम्हीच पॉन्टिफ निघालात की!”

सर पेपरात बघत राहिले. बराच वेळ पान काही उलटलं नाही.

“साकव म्हणजे ब्रिज नव्हे,” शेवटी म्हणाले. “फुटब्रिज.”