हुकाची उंची : शास्त्रोक्त विधी

ट्रॅक्टरला ट्रॉली जोडण्याआधी हुकाची जमिनीपासूनची उंची मोजावी, हे वाक्य पूर्णा तालुक्यात मोठ्याने म्हणू नये. माणसं आधी तुमच्याकडे बघतात, मग तुम्हाला घरून सांभाळायला कोण आलंय ते शोधतात. इथली रूढ पद्धत वेगळी आहे. ट्रॅक्टर मागे घ्यायचा, दोघांनी दांडा उचलायचा, तिसऱ्याने ‘अजून, अजून, बास’ म्हणायचं आणि कडीतून पिन सोडायची. पिन सापडली नाही तर पहार. पहार विहिरीवर राहिली असेल तर सळई. आणि या सगळ्यावर ‘चालतंय की’ असा शिक्का.

प्रस्तुत मार्गदर्शन या पद्धतीच्या विरोधात आहे. ते माझ्या मामांच्या देखरेखीखाली लिहिलं आहे, आणि मामा रेल्वेत होते.

नुसतं ‘रेल्वेत होते’ म्हटलेलं त्यांना खपणार नाही. ते टीएक्सआर होते, म्हणजे गाडी सुटण्याआधी डब्यांखाली वाकून चाकं, ब्रेक, स्प्रिंगा आणि बफर तपासणारे. पूर्णा जंक्शनवर परभणीकडची, नांदेडकडची आणि हिंगोलीकडची अशा तिन्ही लाइनी एकत्र येतात, आणि तिन्हींकडून आलेल्या डब्यांनी मामांची कंबर वाकवली. निवृत्तीनंतर कंबर थोडी सरळ झाली, नजर मात्र बफरच्या उंचीवरच राहिली. ब्रॉडगेजवर बफरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून रिकाम्या डब्याला जास्तीत जास्त 1105 मिलीमीटर, भरलेल्याला कमीत कमी 1030. सगळी सूट 75 मिलीमीटरची. हा आकडा मामा वरणभात कालवताना सांगतात. माझ्या बहिणीच्या लग्नात नवरा-नवरी शेजारी उभे राहिल्यावर त्यांनी दोघांच्या उंचीतला फरक नजरेने मापला आणि ‘मर्यादेत आहे’ असा शेरा दिला.

अशा माणसाने निवृत्तीनंतर शेती करायला घेतली आणि ट्रॅक्टर आणला. पुढचं ओघाने आलंच.

विधीची सुरुवात जागेपासून. उंची मोजायची ती सपाट जमिनीवर. “आमच्याकडं रूळ असतो,” मामा म्हणतात, “तुमचा रूळ दाखवा.” आता काळ्या मातीच्या मुलखात रूळ कुठून आणायचा? पावसाळ्यात ही जमीन फुगते, उन्हाळ्यात अशी भेगाळते की चप्पल आत जावी. अंगणाला नालीकडे उतार. रस्त्याबद्दल न बोललेलं बरं. बरीच पाहणी करून मामांनी वजनकाटा पसंत केला. सिमेंटचा ओटा, वर लोखंडी पत्रा, सगळं पाणसळीत. शिवाय भरलेल्या ट्रॉलीचं वजनही तिथेच कळतं. काट्यावरचा माणूस मागची रांग दाखवून “ओ काका, हलवा की आता, कामून थांबलाव” असं ओरडत असतो. त्याच्याकडे लक्ष देऊ नये. मामा देत नाहीत. जागेची निवड मात्र खरोखर बरोबर आहे. पुढचं चाक खळग्यात आणि मागचं ढेकळावर ठेवून घेतलेलं माप कुठेच लागू पडत नाही.

आधी टायरची हवा बघावी. एका टायरात हवा कमी असेल तर तुम्ही हुकाची उंची मोजत नाही, पंक्चरची मोजता.

मीटरपट्टी वापरावी. वीत वापरू नये. वीत ज्याची त्याची असते.

माप कधी घ्यायचं हा मोठा वादाचा विषय आहे. सर्वसाधारण माणूस रिकामी ट्रॉली लावतो, दांडा आडवा सरळ दिसला की खूश होतो आणि मग तिच्यावर ऊस, कापूस, वीट, वाळू आणि वर सहा माणसं चढवतो. स्प्रिंगा बसतात, टायर बसतात, ट्रॅक्टरचा मागचा भाग खाली जातो, आणि सकाळचा सरळ दांडा दुपारी तोंड फिरवून बसतो. रेल्वेने रिकाम्याची आणि भरलेल्याची अशी दोन मापं उगाच ठेवली नाहीत. भरलेली ट्रॉली जोडून दांडा जमिनीला समांतर आला पाहिजे. रिकामी असताना थोडा इकडे-तिकडे दिसला तर दिसू द्या.

आता दांडा सरळ का हवा? ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. ओझं मागे भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला जुपण्या काचतात. दोनचाकी ट्रॉलीचंही तसंच. हूक फार उंच असला तर ट्रॉली मागे कलते, भार मागे सरकतो, दांडा हुकाला वर उचलू बघतो आणि ट्रॅक्टरची मागची चाकं पकड सोडून जागच्या जागी फिरतात. हूक फार खाली असला तर ट्रॉली नाक टेकवते, हुकावर नको इतका भार येतो आणि ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं. तोंड हलकं झालं की स्टिअरिंग फिरतं, ट्रॅक्टर वळत नाही. ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, असा ढोबळ नियम आहे. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात चढावर पुढची चाकं अधांतरी झालेला ट्रॅक्टर दिसतो आणि तोंड दाबायला बॉनेटवर दोन पोरं बसलेली असतात. पुढे लोखंडी वजनं लावायची सोय कंपनीने दिलेली आहे. पण वजनं विकत घ्यावी लागतात आणि पोरं फुकट मिळतात.

इथे मार्गदर्शकाचा सूर थोडा सुटतो, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण एकामागे एक दोन ट्रॉल्या, वर आभाळाला टेकलेला ऊस, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, पुढे मात्र कर्णा जोरात, असा ऐवज रात्री रस्त्यात उभा दिसला की मोटारसायकलवाल्याने करायचं काय? हुकाची उंची राहिली बाजूला, आधी ट्रॉलीच्या पाठीला लाल चकचकीत पट्टी चिकटवा बाबांनो.

पुन्हा शास्त्राकडे. हूक कितीही वरखाली केला तरी एक लक्ष्मणरेषा आहे : मागच्या आसाचा मध्य. ओढ नेहमी त्याच्या खालून घ्यावी. साध्या ट्रॅक्टरला हुकाचं माप दीड फुटाच्या आसपास बसतं. आसाच्या वरून ओढलं की मागची चाकं जमीन धरून राहतात आणि ट्रॅक्टर त्यांच्याभोवती स्वतःच फिरू लागतो. तोंड वर, ड्रायव्हर खाली, आणि उडी मारायला वेळ मिळत नाही. म्हणून रुतलेली ट्रॉली काढायला साखळी वरच्या लिंकला बांधणाऱ्या शूर पुरुषांपासून लांब उभं राहावं. जुने फोर्डसन ट्रॅक्टर नांगर दगडाला अडला की असेच मागे उलटत. उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने यावर डोकं चालवलं आणि 1926 साली आपल्या जोडणीचं पेटंट घेतलं. खाली ओढणारे दोन हात, वर रेटणारा एक. नांगर अडला की वरचा हात ट्रॅक्टरचं तोंड खाली दाबतो. आज गावातल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या पाठीला हे तीन हात आहेत. मामांच्या मते हा माणूस रेल्वेत हवा होता.

याच खालच्या दोन हातांमध्ये भोकांची आडवी पट्टी अडकवून तिला ट्रॉली जोडायची एक खोड आहे. उंची लिव्हरने वरखाली होते, म्हणून लोकांना ती फार सोयीची वाटते. पण लिव्हरला ड्रायव्हरची कोपर लागते, डबा लागतो, शेजारी बसलेल्या पाहुण्याचा गुडघा लागतो, आणि भर रस्त्यात हुकाची उंची बदलते. जड ट्रॉली पक्क्या हुकालाच लावावी. पट्टीच वापरायची असेल तर तिला वरखाली न होऊ देणाऱ्या आधाराच्या सळ्या बसवाव्यात. त्या सळ्या ट्रॅक्टरबरोबर आलेल्या असतात आणि सध्या बहुधा गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावलेल्या असतात.

पिन जाडीला बरोबर हवी आणि तिला खालून क्लिप हवी. कडी झिजून लांबट झाली असेल तर बदलावी.

वेल्डरला उंची विचारू नये. तो उलट तुम्हालाच ‘किती करू?’ विचारतो आणि तुम्ही उत्तर द्यायच्या आत कडी चिकटवून मोकळा होतो.

परदेशात मोटारीमागे ट्रॉली जोडायला हुकाऐवजी लोखंडी गोळा असतो. युरोपात तो 50 मिलीमीटर व्यासाचा. भरलेल्या गाडीच्या मागे त्याचा मध्य जमिनीपासून 350 ते 420 मिलीमीटरच्या आत असावा असा तिथे नियम आहे. हे मी मामांना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं. मामांनी मनात वजाबाकी केली आणि त्यांचा चेहरा पडला. सत्तर. रेल्वेपेक्षा पाच मिलीमीटर कडक. त्या दिवशी ते चहाही न घेता उठले. संध्याकाळी फोन आला : “भाच्या, ते एकट्या मोटारीसाठी आहे. अख्ख्या देशाचे डबे एकमेकांना जोडून दाखव म्हणावं पंच्याहत्तरात.” यावर युरोपाकडून अजून उत्तर आलेलं नाही.

राहिलं ट्रॉली रिव्हर्स घेणं. तो विषय या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेर आहे, कारण मामांना तो जमत नाही. रुळावर डबा मागे ढकलला की मागेच जातो. ट्रॉलीला डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावं लागतं, आणि ही गोष्ट मामांना अजूनही बेशिस्तीची वाटते. म्हणून ट्रॅक्टरवर एक पोरगा ठेवलाय. त्याने आयुष्यात मीटरपट्टी हातात धरलेली नाही. तो एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्या हाताने फोन कानाला, आणि मागे न बघितल्यासारखं करत भरलेली ट्रॉली गोठ्याच्या दोन खांबांमधून अलगद आत घालतो. मामा बाजूला उभे राहून बघतात. कौतुक तोंडावर येऊ देत नाहीत. ट्रॉली जेमतेम थांबतेय तोच पट्टी काढून चाकाशेजारी उकिडवे बसतात.

“दोन सेंटिमीटर वर आहे,” ते खालून सांगतात.

“काका,” पोरगा म्हणतो, “पाय काढा आधी.”