पर्यायी मार्ग

आमच्या गावच्या वेशीवर परवापर्यंत दोन पिंपं, त्यांवर एक आडवा बांबू आणि बांबूला तारेनं बांधलेली पाटी होती. ‘रस्त्याचे काम चालू आहे. पर्यायी मार्गाचा वापर करावा.’ अक्षरं चांगली ठसठशीत होती, तरीही पाटी वाचणारा प्रत्येक जण खाली सावलीत बसलेल्या माणसाला विचारायचाच, “बंद हाय का?” तो म्हणायचा, “बंद हाय.” मग बांबूपलीकडे मान लांबवून खात्री करून घेतली जायची आणि त्यानंतर खरा प्रश्न यायचा : “टू-व्हीलर तरी जाईल की?” रस्ता बंद असतो तो दुसऱ्यासाठी, आपल्यापुरती त्यात कुठं तरी फट असणारच, ही श्रद्धा आमच्याकडं फार जुनी आहे.

या रस्त्यासाठी गावानं ठराव केले, निवेदनं दिली, निवडणुकीत सगळ्याच पक्षांकडून वचनं घेतली. मग काम सुरू झालं, तर ते सुरू झालं म्हणून सगळे वैतागले. तेही ऐन मार्चात. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं आणि निधी खर्ची पडावा लागतो, त्यामुळं उन्हाची तिरीप लागली की सरकारी कामांना पालवी फुटते. त्याच वेळी उसाच्या शेवटच्या ट्रॉल्या निघायच्या असतात, यात्रा तोंडावर असते आणि दहावीची परीक्षा चालू असते. एसटी फाट्यावरूनच माघारी वळायची. दुधाचे कॅन मोटरसायकलवरून फाट्यापर्यंत जायचे. शाळेतली धाकटी पोरं तेवढी खूश होती. त्यांना उशिराचं कारण रोज आयतं मिळायचं.

गावठाणातला तुकडा काँक्रीटचा आहे. डांबराचं आणि पाण्याचं वैर, आणि आमची गटारं रस्त्यालाच नदी मानणारी, तेव्हा तेच बरं. पण काँक्रीट दुसऱ्या दिवशी दगडासारखं दिसतं आणि तिथंच माणूस फसतो. त्याची ताकद मोजायची ती 28 दिवसांनी, आणि सुरुवातीचे बरेच दिवस त्याला ओलं ठेवावं लागतं. त्यासाठी रस्त्यावर मातीचे छोटे वरंबे घालून चौकोनी वाफे केले आणि त्यांत पाणी सोडलं. इतके दिवस इंजिनिअरकडं संशयानं बघणाऱ्या म्हाताऱ्यांना हे काम मात्र एकदम पटलं. दारं धरण्यात जन्म गेलेला. कुठला वाफा फुटलाय, कुठं पाणी तुंबलंय, हे ते ओट्यावरून सांगू लागले. एकानं तर खोरं आणून स्वतःच एक दार मोडलं. फक्त त्याआधी, काँक्रीट ताजं असतानाच, कुत्री आणि कोंबड्या आपापल्या सह्या करून गेल्या, त्या आता कायमच्या झाल्या आहेत.

राहिला तो पर्यायी मार्ग. तो कुठला, हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं. जुन्या गावनकाशात मात्र तो आहे. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीवाट, एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट, आणि ती पायवाटसुद्धा कागदावर सव्वाआठ फुटांची. जमिनीवर ती शोधायला गेलं तर दोन्हीकडच्या नांगरांनी दर पेरणीला वीतभर खात खात तिचा बांध करून ठेवलाय. अडवलेली वाट मोकळी करून द्यायचा अधिकार तहसीलदारांना 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमानं दिलाय. म्हणजे वाट अडवायची कलाही निदान तेवढी जुनी असणार. या पर्यायी मार्गाचं, म्हणजे आमच्या पाणंदीचं, तेच झालं होतं. एका बाजूनं ऊस आत आला, दुसऱ्या बाजूनं घास, आणि मधोमध गावातल्याच तात्यांनी बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. त्यावरून दोन घरांत बोलणं बंद होतं. गंमत अशी, की वेशीवर बांबू पडल्यावर डेअरीला जायला सगळ्यात अडचण झाली ती तात्यांचीच. त्यांनीच एका पहाटे, कुणी बघत नाही असं बघून, काट्या ओढून बाजूला टाकल्या. दुपारपर्यंत तिथून अर्धं गाव जाऊ लागलं.

वाट अरुंद, त्यामुळं समोरून कोणी आलं की एकाला थांबावंच लागतं. थांबलं की बोलावं लागतं. “कुठं निघालायसा?” एवढ्यावर सुरुवात होऊन उसाच्या दरापर्यंत गाडी जाते. ज्या घरांचं बोलणं बंद होतं तीही एकमेकांना वाट देताना हुं हुं करू लागली. प्रगती म्हणायला हरकत नाही. मी स्वतः या वाटेनं जाताना दुसऱ्यांच्या परसात इतक्या वेळा चहा प्यायलोय, की रस्त्याचं काम लांबलं असतं तरी माझी तक्रार नव्हती. पण हे उघड बोलायची सोय नव्हती.

अखेर परवा वाफे मोडले, पिंपं हलली. शेजारी कामाचा मोठा फलक उभा राहिला : लांबी, खर्च, ठेकेदार आणि खाली दोषदायित्व कालावधी, 5 वर्षे. पहिल्याच दिवशी तीन घरांनी आपापल्या दारासमोर गतिरोधक मागितला. पाणंदीतल्या काट्या मात्र होत्या तिथंच कडेला पडून होत्या. मी तात्यांना म्हटलं, “आता परत लावणार का?”

तात्यांनी फलकाकडं बोट केलं. “ऱ्हाऊ द्या. पाचच वर्सांची तर गॅरंटी हाय.”