मखमली पेटीतलं अभय

सरकारला एखादा प्रश्न सुटेनासा झाला की सरकार त्याचा माल करून विकायला काढतं. डिसेंबर २०१२मध्ये दिल्लीतल्या बसमध्ये जो सामूहिक बलात्कार झाला त्यानंतर लोक रस्त्यावर उतरले. त्यांचं मागणं साधं होतं: रस्त्यावर दिवे, हाकेला पोलीस, वेळेत निकाल. जानेवारी २०१४मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने बायकांसाठी काय आणलं, तर ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर! पॉइंट ३२ बोअर, टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. पर्समध्ये आरामात मावणारं. किंमत फक्त १,२२,३६० रुपये.

आणि पेटी! मरून रंगाची, थेट सराफाकडून आणल्यासारखी. गिऱ्हाईक बाई आहे म्हटल्यावर नेम कसा धरायचा याआधी पेटी कशी दिसेल याचा विचार झाला असणार. घडणावळ वेगळी लावली नाही, हे उपकारच.

आता ही बाई सकाळी डोंबिवलीला फास्ट लोकल पकडते. डब्यात हात वर करायला जागा नाही, पर्स दोघींच्या मध्ये चिणलेली, पर्सच्या तळाशी डब्याखाली निर्भीक. प्लॅटफॉर्मवर गर्दीत कुणी चावटपणा केला तर आधी डबा काढायचा, मग छत्री, मग शस्त्र. तोवर तो इसम ठाण्याला उतरून गेलेला असतो. याच बायकांच्या आया ओढणीला सेफ्टी पिन लावून फिरायच्या. तिला ना परवाना लागायचा, ना काडतूस. नेमही चुकत नसे.

पण आधी परवाना तर हवा. पुण्या-मुंबईत पोलीस आयुक्तालय, जिल्ह्याला कलेक्टर कचेरी. तिथे पटवून द्यावं लागतं की माझ्या जिवाला धोका आहे. पुरावा?

‘साहेब, रोज पाठलाग करतो. तक्रारही दिली आहे.’

‘दाखवा. अहो मॅडम, ही तर एनसी आहे. अदखलपात्र! म्हणजे धोका गंभीर नाही.’

धोका गंभीर आहे असं पोलीस ठाण्यानेच लिहून घ्यावं, म्हणून ती गेली होती. ठाण्यात तिला विचारलं होतं, ‘एवढ्या उशिरा एकट्या कशाला निघालात?’

पैशाचा प्रश्न मात्र सुटण्यासारखा आहे. ‘लाडकी बहीण’ योजनेत बहिणीला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. २०१४चाच भाव धरला तरी ८२ हप्त्यांत रिव्हॉल्व्हर घरात. सहा वर्षं दहा महिने! योजनेला वय किमान २१ लागतं, शस्त्र परवान्यालाही २१. इतका समन्वय आपल्या दोन खात्यांत एरवी दिसत नाही. तेवढी सहा वर्षं दहा महिने बहिणीने सातच्या आत घरात यावं, म्हणजे झालं.

समजा, सगळं जमलं. पैसे साठले, परवाना मिळाला, पेटी कपाटात आली. तेवढ्यात निवडणूक लागते. आचारसंहिता! परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करा, अशी नोटीस दारात. बाई गुणी, रांगेत उभी राहून पेटीसकट जमा करते आणि पावती पर्समध्ये ठेवते. गावठी कट्टेवाल्यांना अशी नोटीस जात नाही. त्यांचा पत्ता सरकारदरबारी नोंदवलेला नसतो.