सहा चाळीस

आमच्या सोसायटीतल्या बी विंगच्या काकांना ‘कसे आहात?’ असं विचारू नये. ‘सहा चाळीस,’ असं उत्तर येतं. म्हणजे किलोमीटरला 6 मिनिटं 40 सेकंद. तब्येत, संसार, देशाची परिस्थिती, सगळं त्यात आलं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना नुसतं चालायला सांगितलं होतं. काका तीन वर्षांत सातारा हिल हाफ मॅरेथॉनला जाऊन पोचले. 21 किलोमीटर, निम्मे यवतेश्वरचा घाट चढत, निम्मे तोच उतरत. चढाला सगळेच घाबरतात, पण गुडघ्याचं माप काढतो तो उतार. काकांच्या उजव्या गुडघ्याचं निघालं. काकू म्हणाल्या, ‘सुटले बाई!’

तेवढ्यात फिजिओथेरपिस्टबाईंच्या तोंडून ‘क्रॉस-ट्रेनिंग’ हा शब्द निसटला. पळताना पावलागणिक जमिनीचा दणका बसतो, सायकलवर तो बसत नाही, दमसास मात्र टिकतो. त्यांचं वाक्य संपेपर्यंत काका सायकलच्या दुकानात होते.

पुण्यात सायकल चालवायची तर सिग्नलला दोन्ही पाय टेकायला हवेत, म्हणून काकांनी सीट पार खाली घेतली. सीट खाली असली की पेडल मारताना गुडघा जास्त मुडपतो, आणि तोवर गुण्यागोविंदाने नांदणारा डावा गुडघाही कुरकुरायला लागतो. हे त्यांना सतरा जणांनी सांगितलं. ऐकलं अठराव्याचं, कारण त्याने बीआरएम केली होती: 200 किलोमीटर, साडेतेरा तासांच्या आत. या वेळेत वाटेतला चहा-नाश्ताही धरतात, घड्याळ काही थांबत नाही. काकांनी तेरा तास दहा मिनिटांत पुरी केली. त्यातला पाऊण तास मिसळीसमोर गेला, पण त्याची नोंद त्यांच्या घड्याळात ‘रिकव्हरी’ अशी आहे.

मला हे ठाऊक, कारण मी त्यांचा पार्टनर. मला कोणी विचारलं नव्हतं. लिफ्टमध्ये माझ्या पोटाकडे बघून काका म्हणाले, ‘उद्या पावणेपाच. गेटपाशी.’ मोटिव्हेशनवर त्यांचं एकच प्रवचन आहे: ‘मनाला विचारायचंच नाही. बूट घालायचे.’ या वाक्यावर मी दोन वर्षं उठतोय. म्हणजे खरं तर समोरच्या विंगमध्ये त्यांचा दिवा लागलेला दिसतो, म्हणून उठतोय.

मागच्या जुलैत एका पहाटे धो-धो पाऊस. मी दिवा न लावता गॅलरीत आलो. काकांची खिडकी काळोखी. देव पावला! अंथरुणाकडे वळणार, तोच वीज चमकली. समोरच्या गॅलरीत काका, बनियन-लुंगीत, माझ्या खिडकीकडे टक लावून उभे.

दोघांनीही एकमेकांना पाहिलं होतं. इलाज नव्हता.

त्या दिवशी दहा किलोमीटर झाले. सात पन्नास.