पेजमेकर ८.० यांस अनावृत पत्र

श्रीयुत पेजमेकर ८.०,
मुक्काम पोस्ट : अद्याप ठरलेले नाही

स. न. वि. वि.

आपला जन्म झालेला नाही, याची मला कल्पना आहे. तरी पत्र लिहितो आहे, कारण पुण्याच्या बिबवेवाडीत आपली वाट पाहणारी माणसं अजून शिल्लक आहेत. त्यांतल्या एकाचं, म्हणजे माझं, अप्पर डेपोकडे जाणाऱ्या रस्त्याला डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, निवडणूक लागली की पत्रकं आणि पावसाळा सरत आला की दिवाळी अंक. हे सगळं, पानं लावायचं सॉफ्टवेअर असलेले आपले थोरले बंधू पेजमेकर ७.० यांच्या जिवावर चालतं.

बंधू आले २००१ च्या जुलैत. त्यांच्याआधी ६.५ होते, त्याआधी ६, त्याआधी ५. तेव्हा सातानंतर आठ येणार, हे आम्ही गृहीत धरलं. लहानपणी पाढे पाठ केलेल्या माणसाची अशीच फसगत होते. आमच्या सॉफ्टवेअरवाल्याने (नाव घेत नाही, त्याला आता नातवंडं आहेत) छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, ‘दिवाळीच्या आत येतंय.’ कुठल्या दिवाळीच्या, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही खोलात शिरलो नाही.

आपल्या घराण्याचा इतिहास आम्ही नंतर वाचला. पेजमेकरचा जन्म १९८५ चा, मॅकिंटॉशवर. कंपनीचं नाव आल्डस. व्हेनिसमधल्या आल्डस मॅन्युशियस या पाचशे वर्षांपूर्वीच्या मुद्रकावरून ते ठेवलेलं. केवढं हे खानदान! १९९४ साली ॲडोबीने आल्डस आपल्यात विलीन करून घेतली आणि १९९९ साली त्याच घरात इनडिझाइन जन्माला आलं. म्हणजे बंधू ७.० आले, तेव्हा वारसदार दोन वर्षांचा होऊन अंगणात खेळत होता. २००४ साली तर पेजमेकरचं पुढचं काम थांबवल्याचं जाहीरच झालं. ही बातमी बिबवेवाडीपर्यंत पोचली नाही असं नाही. पोचली. पण अमेरिकेतून आलेली बातमी पुस्तकांच्या बाजारातल्या, अप्पा बळवंत चौकातल्या कुणी दुजोरा दिल्याशिवाय आमच्या धंद्यात खरी मानत नाहीत, आणि तिथे सगळे प्रूफं तपासण्यात गुंतलेले होते.

आता आपल्याकडून आम्हाला काय हवं होतं, ते सांगतो. तीन मितींची अक्षरं नकोत, सावल्या नकोत, उडणारी फुलपाखरंही नकोत. फक्त युनिकोड हवं होतं, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक.

बंधूंना युनिकोड कळत नाही. त्यांच्या काळच्या फॉन्टात सारी मिळून जेमतेम २५६ घरं. मराठीची जोडाक्षरं, रफार, उकार, वेलांट्या, अर्धी अक्षरं हा सगळा परिवार त्या घरांत दाटीवाटीने कोंबलेला. इंग्रजी अक्षराच्या घरात काना, डॉलरच्या घरात आणखी कुणीतरी. प्रत्येक फॉन्ट कंपनीची घरांची वाटणी वेगळी. फॉन्ट असेल तोवर ती मराठी दिसते. फॉन्ट काढून घेतला, की कंस, टक्के, उद्गारचिन्हं आणि मोडकी इंग्रजी उरते. संगणकाला ती मराठी आहे हे कधी ठाऊकच नव्हतं. आम्ही पानांवर पानं मराठी लावत होतो आणि तो बापडा इंग्रजी समजून साठवत होता.

गंमत म्हणजे या दुखण्यावरचं औषध आमच्याच गावात तयार होत होतं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं ‘जिस्ट’चं काम तिथे आलं. युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीची मांडणी घेतली, ती ‘इस्की’ या आपल्याकडच्याच प्रमाणावरून. पुढे र. कृ. जोशींसारख्या अक्षरांच्या जाणकाराने काढलेला ‘मंगल’ फॉन्ट विंडोज २००० बरोबर घरोघर गेला. थोडक्यात, बंधूंचं आगमन झालं त्याच्या आधीच संगणकाला मराठी जोडाक्षरं कळू लागली होती. बंधूंनाच शिकायची इच्छा नव्हती. ते आपण शिकून याल, अशी आमची समजूत.

आपण न आल्यामुळे इथे रोज काय घडतं, ते ऐका. दिवाळी अंकाचा कवी हल्ली कागद आणत नाही. मोबाइलशी बोलतो, मोबाइल त्याची कविता बिनचूक टिपतो आणि ती व्हॉट्सॲपवर मला येते. ‘काका, मॅटर तयार आहे, फक्त चिकटवा.’ मी चिकटवतो. पानावर प्रश्नचिन्हांची रांग उमटते. काही कवितांच्या बाबतीत तो प्रामाणिक अभिप्राय ठरतो, ते सोडा. पण संपूर्ण कविता पुन्हा हाताने कंपोझ करावी लागते, तिच्यात माझ्या नव्या चुका पडतात, मग प्रूफ, मग करेक्शन, मग पुन्हा प्रूफ. यंत्राने बरोबर लिहिलेलं माणसाने चुकवायचं आणि दुसऱ्या माणसाने पैसे घेऊन सुधारायचं, असा हा उद्योग आहे.

‘कन्व्हर्टर वापरा ना’ असं सुचवणारे असतात. कन्व्हर्टर म्हणजे जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये किंवा उलट बदलून देणारी सोय. इथून जवळच व्हीआयटी कॉलेज आहे. तिथली मुलं प्रोजेक्टचं बाइंडिंग करायला येतात आणि पडद्यावर बंधूंना पाहून ‘हे काय आहे?’ असं जुन्या वाड्यात शिरल्यासारखं विचारतात. कन्व्हर्टर त्यांनीच सुचवला. एका लग्नपत्रिकेसाठी वापरला. त्या पत्रिकेत ‘आशीर्वाद’चं ‘आशीवार्द’ झालं आणि ‘शर्मा’ मंडळी ‘शमार्’ म्हणून मांडवात उभी राहिली. रफार एक घर पुढे सरकतो, पहिली वेलांटी भलत्याच व्यंजनाला जाऊन चिकटते. वरपक्षाने फोनवर जे सुनावलं, त्यात मात्र एकही रफार चुकला नव्हता.

शिवाय लॉक. आमच्या मराठी फॉन्टला (कंपनीचं नाव घेत नाही) एक डोंगल आहे, संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचं. नव्या संगणकाला ते पोर्टच नसतं. म्हणून विंडोज एक्सपीचा जुना संगणक जिवंत ठेवावा लागतो. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीची देखभाल थांबवली. आम्ही नाही थांबवली. त्याचा पॉवर सप्लाय गेला की मी इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत जातो. तिथले लोक आता माझ्याकडे, घरात म्हातारं माणूस आजारी असलेल्या गृहस्थाकडे पाहावं तसं पाहतात.

न्यायाची गोष्ट म्हणजे आपल्या पुतण्याचीही हकिकत सांगायला हवी. इनडिझाइनने २०१२ मध्ये, सीएस ६ बरोबर, मराठीसह दहा भारतीय भाषा रीतसर शिकून घेतल्या. बंधूंच्या जन्मानंतर अकरा वर्षांनी! पण परिच्छेदाच्या यादीत आत दडलेलं ‘वर्ल्ड-रेडी’ हे बटण निवडल्याशिवाय ती मराठी नीट लागत नाही, आणि जगासाठी तयार असलेली ही सोय आमच्या ऑपरेटरांना कुणी दाखवली नाही. पुढच्याच वर्षी सगळा कारभार भाड्यावर गेला. विकत घ्यायचं नाही, महिन्या-वर्षाला पैसे भरत राहायचं. पत्रिकेच्या हंगामात एक वेळ परवडेल, पण चातुर्मासात काय करायचं?

आपण का आला नाहीत, याबद्दल माझा एक तर्क आहे. ग्राहक मोजतात ते पावत्यांवरून. पुण्यातल्या गल्लीबोळांत बंधूंच्या किती प्रती चालू होत्या आणि त्यांतल्या कितींची पावती फाटली होती, हा विषय आमच्या धंद्यात चारचौघांत काढत नाहीत. कंपनीच्या वहीत या गावात बहुधा कुणी राहतच नसावं. मग रिकाम्या गावासाठी नवी आवृत्ती कोण काढणार? पण हा तर्क अर्धाच आहे. उरलेलं अर्धं कारण म्हणजे आमची बोटं. कुठल्या कळेवर ‘क्ष’ आणि कुठल्या कळेवर ‘ज्ञ’, हे बोटांना पाठ झालंय. डोक्याने युनिकोड मान्य केलं, तरी बोटं सही करत नाहीत.

एवढ्यावर भागलं असतं तर मी पत्र लिहिलंच नसतं. कटकट आम्हाला नवी नाही. खरं दुखणं कपाटातल्या सीड्यांमध्ये आहे. पेजमेकरच्या काळापासून आजवर छापलेल्या कितीतरी मराठी पुस्तकांच्या, अंकांच्या, गौरवग्रंथांच्या फायली याच २५६ घरांच्या भाषेत पडून आहेत. पीडीएफ उघडा, पान देखणं दिसेल. त्यात ‘ज्ञानेश्वर’ शोधा, सापडणार नाहीत. अंधांसाठीचं वाचक-सॉफ्टवेअर ते पान वाचायला घेईल आणि बाराखडीऐवजी इंग्रजीचा भुगा ऐकवील. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, पेढे वाटले गेले, त्याच्या अभिनंदनाचा फलकही माझ्याच दुकानात बंधूंवर लागला. अभिजात भाषेची ती फाइल संगणकाच्या लेखी अजूनही इंग्रजीच आहे.

तेव्हा, ८.० साहेब, आपण येऊ नये. आता आलात तरी जागा नाही. मुक्ता, बलू यांसारखे युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात. स्क्रायबस नावाचं पानं लावायचं फुकट सॉफ्टवेअर आता जोडाक्षरंही जुळवतं. मी नव्या संगणकावर हात बसवतो आहे. बंधू एक्सपीवर आहेत तिथे राहतील, जुनी पत्रिका उघडण्यापुरते.

आणि पत्र अनावृत असल्यामुळे, आपल्याऐवजी जे कुणी हे वाचत आहेत त्यांना एक सांगणं. पुस्तक, स्मरणिका, घराण्याचा इतिहास, काहीही छापायला दिलंत तर पीडीएफबरोबर युनिकोडमधला मजकूर वेगळा मागून घ्या आणि तो उघडून, एखादा शब्द शोधून पाहा. हे शेवटचं बिल चुकतं करण्याआधी करा. पैसे मिळाल्यावर आम्ही ऑपरेटर लोक फोन उचलत नाही.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपला,
एक डीटीपीवाला, बिबवेवाडी, पुणे